कयाक मॅरेथॉनसाठी दूर जाताना : नाव भाड्याची चालेल, आसन आपलंच हवं

घरापासून दूरच्या माझ्या पहिल्या कयाक मॅरेथॉनला, म्हणजे अरुंद, हलक्या नावेतून वल्हवायच्या लांब शर्यतीला, मी वल्हं, जॅकेट, टोपी, बाटल्या असं सगळं आठवणीने नेलं होतं. नाव तिथेच भाड्याने ठरवली होती. कागदावर तिची लांबी, वजन, आकार अगदी माझ्या नावेसारखा. पाण्यात बसले तेव्हा कळलं, की आसन माझ्या सवयीपेक्षा बोटभर खाली आहे आणि त्याची पुढची कड मांडीत रुततेय. आठव्या किलोमीटरला डावा पाय बधिर झाला. नाव उचलून न्यायच्या पहिल्या जागी, म्हणजे पोर्टेजला, उतरले, तर तो पाय जमिनीला टेकल्याचंच समजेना आणि मी काठावर गुडघ्यांवर आपटले. शर्यत पूर्ण केली, पण शेवटपर्यंत माझं निम्मं लक्ष त्या आसनावर होतं.

तेव्हापासून सामान भरताना मी एकच प्रश्न विचारते : हे माझ्या अंगाला टेकतं का? टेकत असेल तर ते माझं स्वतःचंच न्यायचं. आसन, पाय टेकवायची पायपट्टी, वल्हं, बूट, पाणी प्यायची नळी. बाकी सगळं उसनं मिळालं तरी शर्यत नीट होते. खाली जे लिहिलंय ते बरंचसं या एका गोष्टीभोवतीच फिरतं.

आधी शर्यत ओळखा

‘मॅरेथॉन’ हा एकच शब्द फार वेगवेगळ्या शर्यतींना लावतात. जागतिक स्पर्धेच्या पद्धतीची शर्यत म्हणजे बोयांभोवती फेऱ्या, मध्ये ठरलेली पोर्टेज, पुरुषांच्या खुल्या गटात सुमारे ३० किलोमीटर. पोर्टेज म्हणजे नाव उचलून काठाने पळायचं आणि पुन्हा पाण्यात उतरायचं. इथे नाव हलकीच हवी. मॅरेथॉनच्या नियमांनुसार के-१, म्हणजे एकाची कयाक, जास्तीत जास्त ५.२० मीटर लांब आणि कमीत कमी ८ किलो, के-२, म्हणजे दोघांची, जास्तीत जास्त ६.५० मीटर आणि कमीत कमी १२ किलो. सी म्हणजे कनू, एका पात्याच्या वल्ह्याने चालवायची नाव : सी-१ ला कमीत कमी १० किलो, सी-२ ला १४. शर्यतीनंतर नावा वजनाला लावतात, म्हणून भाड्याची नाव घेतानाच ती काट्यावर ठेवून बघा.

इंग्लंडमधली डिव्हायझेस ते वेस्टमिन्स्टर ही शर्यत पूर्ण वेगळी. १२५ मैल आणि ७७ पोर्टेज. दोघांच्या खुल्या गटात ती रात्रभर, न थांबता करायची असते. दक्षिण आफ्रिकेतली दुसी पीटरमारित्झबर्गपासून डर्बनपर्यंत तीन दिवस चालते, साधारण १२० किलोमीटर, आणि त्यात नाव खांद्यावर घेऊन डोंगर चढावे लागतात. १९५१ च्या पहिल्या दुसीत आठ जण निघाले होते. शेवटपर्यंत एकटा इयान प्लेअर पोहोचला, तोही सहा दिवसांहून जास्त वेळाने आणि वाटेत साप चावल्यावर. आज रस्ते आहेत, मदतीची पथकं आहेत, पण तिथे जाणाऱ्याने वल्हवण्याइतकाच पळण्याचाही सराव करायला हवा, हे तेव्हाइतकंच खरं आहे. मिशिगनमधली ऑसेबल कनू मॅरेथॉन १२० मैलांची, रात्री सुरू होणारी. जोड्या आधी गावातून कनू घेऊन पळत नदी गाठतात, मग रात्रभर वल्हवतात आणि वाटेतली सहा धरणं पायी ओलांडतात. युकॉन रिव्हर क्वेस्ट व्हाइटहॉर्सपासून डॉसन सिटीपर्यंत ७१५ किलोमीटरची. तिथे ठरलेल्या थांब्यांवर सक्तीची विश्रांती घ्यावी लागते.

ही यादी मी एवढ्यासाठी दिली, की नाव आणि सामान यांचा निर्णय इथेच होतो. बंधारे, खडक, उथळ पाणी असलेल्या नदीवर तळाखाली बसवलेलं सुकाणू पहिल्याच दगडावर वाकतं. तिथे शेपटीला लावलेलं, आपटल्यावर वर उचललं जाणारं सुकाणू हवं. सपाट, खोल पाण्यावर मात्र तळाखालचंच सुकाणू चांगलं वळतं. आयर्लंडमधल्या लिफी डिसेंटला धरणातून पाणी सोडून नदी वाढवतात आणि नावा बंधाऱ्यांवरून खाली घसरत जातात. तिथे ८ किलोची नाजूक नाव नेणं म्हणजे ती गमावण्याची तयारी ठेवणं. पहिल्यांदा दूर जाणाऱ्याने अशी शर्यत निवडावी, जिच्यासारखं पाणी त्याने आधी कुठेतरी वल्हवलंय, असं माझं स्पष्ट मत आहे. प्रवास नवा, माणसं नवी, झोप अपुरी, त्यात पाणीही अनोळखी असलं तर शिकायला फुरसतच उरत नाही.

नोंदणीचे नियम पूर्ण वाचा, अगदी शेवटच्या परिशिष्टापर्यंत. लाइफ जॅकेट अंगात हवं की नावेत चालतं, नावेच्या दोन्ही टोकांत फुगे किंवा फोम सक्तीचा आहे का, रात्री दिवा कुठे लावायचा, बाहेरून मदत कुठे घेता येते आणि कुठे घेतली तर बाद करतात. जागतिक स्तरावरच्या स्पर्धांना प्रवेश राष्ट्रीय महासंघामार्फत होतो आणि त्याची मुदत शर्यतीच्या बरीच आधी संपते. ३५ वर्षांवरच्यांसाठी मास्टर्स गट असतात. अनुभवी पण वेगाने फार पुढे नसलेल्यांना मी तेच सुचवते.

नाव न्यायची की घ्यायची

विमानाने जात असाल तर बहुतेक वेळा भाड्यानेच. पाच मीटरहून लांब वस्तू घ्यायला फार थोड्या विमान कंपन्या तयार होतात, आणि ज्या होतात त्यांच्या मालाच्या पट्ट्यावर नावेचं काय होईल याची हमी कुणी देत नाही. मोठ्या स्पर्धांना नावा बनवणाऱ्या कंपन्या स्वतःच भाड्याच्या नावा घेऊन येतात. त्या लवकर संपतात. नोंदणी झाली त्याच दिवशी पत्र पाठवा आणि सगळं लेखी मागा : कोणतं मॉडेल, कोणत्या वजनाच्या माणसासाठीचा आकार, सुकाणू कोणतं, नंबरपट्टी अडकवायची खाच आहे का, नावेचं नुकसान झालं तर भरपाई किती, आणि आसन बदलता येतं का. हा शेवटचा प्रश्न मी आता सगळ्यात आधी विचारते. आसन साधारणपणे स्क्रूंनी रुळावर बसतं, पण सगळ्या कंपन्यांच्या रुळांमधलं अंतर सारखं नसतं. म्हणून रुळाचा फोटो आणि माप मागवून घ्यायचं.

आपल्या नावेवर मापपट्टी घेऊन बसा आणि चार मापं वहीत लिहा. आसनाच्या मागच्या कडेपासून पायपट्टीपर्यंतचं अंतर, आसनाची तळापासूनची उंची पुढे आणि मागे वेगवेगळी, आणि सुकाणूच्या दांडीची पायपट्टीपासूनची उंची. के-१ मध्ये ही दांडी दोन्ही अंगठ्यांच्या मध्ये येते. ती बोटभर वर-खाली झाली तर प्रत्येक वळणावर पोटरी आखडते. आसन सेंटिमीटरभर वर गेलं तरी नाव डगमगायला लागते, तेवढंच खाली गेलं तर वल्ह्याचा पल्ला बिघडतो. वहीतले आकडे समोर ठेवून नवी नाव जुळवायला मला चाळीस मिनिटं लागतात. अंदाजाने जुळवायचे तेव्हा अख्खी सकाळ जायची, आणि तरी मनासारखं बसायचं नाही.

गुडघ्यावर बसून कनू वल्हवणाऱ्यांसाठी आसनाची जागा गुडघ्याखालचा फोमचा ठोकळा घेतो. तो तुमच्या गुडघ्याच्या आकाराने झिजलेला असतो. त्याची जागा दुसरा ठोकळा घेऊ शकत नाही. तो हातातल्या पिशवीत न्या, चेक-इनच्या सामानात नको.

वल्हं दोन तुकड्यांत निघणारं असेल तर प्रवास सोपा होतो. जोडाच्या ठिकाणी लांबी आणि पात्यांचा कोन दाखवणाऱ्या रेघा असतात. त्यातल्या तुमच्या रेघेवर नेलपॉलिशचा ठिपका द्या. थकलेल्या, थंड हातांनी बारीक आकडे वाचता येत नाहीत, ठिपका दिसतो. पात्यांच्या कडांना पाण्याच्या नळाचं जुनं रबर चिरून लावा, मग पाती कपड्यांत गुंडाळून टणक नळकांड्यात घाला. दुसरं वल्हं मिळत असेल तर न्याच, पण ते कमीत कमी दोन आठवडे वापरलेलं असू द्या.

गाडीच्या टपावर

गाडीने नेत असाल तर नाव स्वतःची न्यायची, यात वाद नाही. टपावर नुसत्या दांड्या पुरत नाहीत. तळाचा आकार धरणारे व्ही-आकाराचे आधार हवेत आणि ते एकमेकांपासून जितके लांब बसतील तितकं बरं. बांधायला कापडी पट्टे, साध्या बकलचे. दाते फिरवून आवळायचे रॅचेट पट्टे मी नावेजवळ फिरकू देत नाही. ८ किलोचं कार्बनचं कवच त्या दाबाखाली चिरतं, आणि ती चीर दुसऱ्या दिवशी पाण्यात दिसते. हाताने ओढून घट्ट, एवढं पुरे. पट्ट्याला टपावर एक पीळ दिला की वाऱ्यात तो गुणगुणत नाही. पुढचं आणि मागचं टोक गाडीला दोरीने बांधा, सुकाणू काढून पिशवीत ठेवा, मागे बाहेर आलेल्या टोकाला लाल कापड किंवा त्या देशाच्या नियमानुसार फलक लावा. कॉकपिटवर, म्हणजे बसायच्या खळग्यावर, झाकण घाला, नाहीतर पावसात टपावर हौद तयार होतो. निघाल्यावर वीस-तीस किलोमीटरवर गाडी थांबवून पट्टे पुन्हा तपासा. नवे पट्टे पहिल्या अर्ध्या तासात हमखास सैल पडतात.

उन्हात उभ्या गाडीवरची बंद नाव आतल्या हवेने फुगते आणि कवचाचे थर सुटतात. बुच उघडं ठेवा, नाव सावलीत उतरवा. हे मला एका वयस्कर वल्हवणाऱ्याने सांगितलं होतं आणि त्याच्या स्वतःच्या नावेच्या पोटावरचा फुगवटा दाखवला होता. तो फुगवटा मी विसरलेले नाही.

पोहोचल्यावर

शर्यतीच्या आदल्या रात्री पोहोचू नका. लांबच्या प्रवासाने घड्याळ बदलत असेल तर जेवढे तास बदल, साधारण तेवढे दिवस शरीराला लागतात. तेवढी रजा मिळत नसेल तर निदान तीन दिवस. पहिल्या दिवशी फक्त नाव जुळवायची आणि अर्धा तास वल्हवायचं. दुसऱ्या दिवशी पोर्टेज.

पोर्टेजवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवते, कारण तिथे घाईत काही सुचत नाही. नाव न घेता आधी एकदा चाला. उतरायची जागा डावीकडे की उजवीकडे, काठ किती उंच, लाकडी धक्का आहे की चिखल, पळायची वाट गवताची की खडीची, पुन्हा पाण्यात उतरताना प्रवाह नावेचं टोक कुठल्या बाजूला ओढतो. मग नाव घेऊन जा आणि तेच तीन वेळा करा. काठाला लागताना शेवटचे चार-पाच फटके कुठून कमी करायचे, त्यासाठी काठावरची एखादी खूण धरा : झाड, खांब, बाक. बाक दिसलं की उजवा पाय बाहेर. हे इतकं पक्कं व्हायला हवं, की शर्यतीत विचार करावा लागू नये. के-२ मध्ये दोघींनी एकत्र उतरायचं, एकत्र उचलायचं. आमच्यात पुढची बोलते, मी मागे बसते आणि फक्त ऐकते. बोलायचे शब्दही घरीच ठरवून घ्या. आम्ही तीनच ठेवलेत : ‘बाहेर’, ‘उचल’, ‘बस’. अमेरिकेतल्या कनू जोड्या ठरावीक फटक्यांनंतर बाजू बदलताना ‘हट’ ओरडतात, तेही याच कारणाने. छोटा शब्द दमलेल्या माणसालाही कळतो.

बुटांबद्दल एक चूक मी बऱ्याच जणांना करताना पाहते. शर्यतीसाठी नवे, जाड तळव्याचे पळायचे बूट घेतात, ते पायपट्टीच्या पट्ट्याखाली शिरत नाहीत आणि अंगठ्याला सुकाणूची दांडी जाणवत नाही. पातळ तळव्याचे, पाणी लगेच बाहेर टाकणारे, घरी पन्नास वेळा नावेत घालून बसलेले बूट हवेत. डोंगर चढायचे असतील तर तळव्याला पकड हवी, मग पायपट्टी त्या बुटांप्रमाणे हलवा आणि नवं माप वहीत लिहा.

नदी ओळखणाऱ्या स्थानिक माणसाशी बोला. एकच प्रश्न विचारा : पाणी कुठे उथळ आहे? उथळ पाण्यात नावेची शेपूट खाली बसते आणि कितीही जोर लावला तरी नाव चिखलात अडकल्यासारखी चालते. तिथे वळणाच्या बाहेरच्या बाजूचा खोल पट्टा धरायला लागतो, अंतर जास्त पडलं तरी.

काठावरची माणसं

लांबच्या शर्यतीत तुम्ही वल्हवता तेवढंच काम काठावरचे करतात. त्यांचं नियोजन तुमच्या नियोजनाआधी करा. मी एका रात्रीच्या शर्यतीत स्वतः मदतनीस होते आणि त्या रात्रीने मला वल्हवण्याबद्दल जितकं शिकवलं तितकं कमीच शर्यतींनी शिकवलं. नदीने तीन किलोमीटर असलेलं अंतर रस्त्याने अकरा किलोमीटर निघतं. पूल एकच असतो. गाडी लावायला जागा नसते आणि धक्क्यापर्यंत पाण्याचे कॅन घेऊन दहा मिनिटं चालावं लागतं. फोन लागत नाही. आम्ही एका ठिकाणी चार मिनिटं उशिरा पोहोचलो, आणि आमची जोडी पाण्याशिवाय पुढे गेलेली होती. पुढचं भेटायचं ठिकाण दीड तासावर होतं. तो दीड तास आम्ही गाडीत कुणीच बोललो नाही.

म्हणून प्रत्येक ठिकाणासाठी एक कार्ड करा : नाव किती वाजता अपेक्षित, लवकरात लवकर आणि उशिरात उशिरा, गाडी कुठे, चालत किती, तिथे काय द्यायचं. दोन कार्डांमध्ये वेळ पुरत नसेल तर मधलं ठिकाण सोडा आणि आधीच्या ठिकाणी जास्त पाणी द्या. मदतनिसांना स्वतःसाठी जेवण, उबदार कपडे आणि आळीपाळीने झोप ठरवून द्या. पहाटे चार वाजता गाडी चालवणाऱ्या माणसाची आधी झोप झालेली नसेल, तर ती शर्यतीतली सगळ्यात धोक्याची गोष्ट आहे.

भरती-ओहोटी असेल तर हिशेब उलटा मांडायचा. डिव्हायझेस ते वेस्टमिन्स्टरमध्ये शेवटचे १७ मैल भरती-ओहोटीच्या टेम्सवर जातात. हा भाग जिथे सुरू होतो त्या टेडिंग्टनला ठरलेल्या वेळेच्या आत पोहोचलात तर ओहोटी तुम्हाला वेस्टमिन्स्टरकडे घेऊन जाते, नाहीतर तासन्‌तास थांबावं लागतं. रात्रभर वल्हवणाऱ्या जोड्यांना निघायची वेळ स्वतः निवडता येते. म्हणून त्या आधी टेडिंग्टनची वेळ लिहितात, मग आपल्या वेगाने मागे येत येत सुरुवातीला पोहोचतात. अगदी लवकर पोहोचणंही कामाचं नसतं.

पाण्याची पिशवी कॉकपिटच्या पुढे किंवा जॅकेटवर लावायची, नळी तोंडाजवळ, हात वल्ह्यावरून न काढता पिता यावं अशी. पोर्टेजवर रिकामी पिशवी टाकायची, भरलेली उचलायची. पिशवीचं कडं एका हाताने अडकतं का, ते हातमोजे घालूनही बघा. पेयाची चव आणि प्रमाण घरच्या सरावातलंच ठेवा. नवं पेय, नवी एनर्जी जेल शर्यतीच्या दिवशी पोटात जाऊ देऊ नका.

शर्यतीत

सुरुवातीला सगळे जोरात सुटतात. आपल्या वेगाचा गट पहिल्या दोन किलोमीटरमध्ये पकडणं आणि त्याच्या लाटेवर राहणं महत्त्वाचं. दुसऱ्या नावेच्या बाजूने उठणारी लाट, जिला सगळे ‘वॉश’ म्हणतात, तिच्या उतारावर तुमच्या नावेचं नाक राहिलं की कष्ट स्पष्टपणे कमी होतात. पुढे राहायची पाळी आली की तीही प्रामाणिकपणे घ्या. पोर्टेज जवळ आला की गटाच्या मागे राहू नका. काठाला जागा कमी असते आणि मागच्याला थांबावं लागतं.

नंतर

अंगावर आधी कोरडे कपडे, मग बाकी सगळं. हातावरचे फोड आणि खरचटलेली जागा साबणाने धुवा, कारण नदीचं पाणी स्वच्छ दिसलं तरी स्वच्छ असतंच असं नाही. दुसी खेळणाऱ्यांमध्ये शर्यतीनंतरच्या पोटाच्या त्रासाला ‘दुसी गट्स’ असं नावच पडलंय. वल्हवताना तोंड मिटून ठेवा, नळीचं टोक झाकलेलं ठेवा. घरी परतल्यावर महिन्याभरात ताप, डोकेदुखी, पोटऱ्यांत दुखणं सुरू झालं तर डॉक्टरांना पहिल्या वाक्यातच सांगा, की तुम्ही नदीच्या पाण्यात होता. लेप्टोस्पायरोसिस वेळेवर ओळखला तर औषधाने बरा होतो. वल्हवणाऱ्याने सांगितलं नाही तर डॉक्टर त्याचा विचार करतीलच असं नाही.

जॅकेट, बूट, स्पंज आणि वल्ह्याचा जोड गोड्या पाण्याने धुऊन पूर्ण कोरडे करा, मगच दुसऱ्या नदीत न्या. एका नदीतले शिंपले आणि शेवाळ दुसऱ्या नदीत अशाच ओल्या सामानातून जातात, आणि तिथून ते काढता येत नाहीत. वल्ह्याचा जोड ओला ठेवून नळकांड्यात घातला तर पुढच्या वेळी तो सुटतही नाही.

मग वही उघडा. आज आसन कुठल्या भोकात होतं, पायपट्टी कुठे होती, कुठे दुखलं, किती प्यायलं गेलं, कुठला पोर्टेज चुकला. हे त्याच संध्याकाळी लिहा. आणि भाड्याची नाव परत द्यायला जाताना स्क्रूड्रायव्हर बरोबर न्या. तिचं मूळ आसन परत बसवा, आपलं काढा, स्क्रू छोट्या पिशवीत घालून त्यालाच चिकटपट्टीने लावा आणि टॉवेलात गुंडाळून पाठीवरच्या पिशवीत सगळ्यात वर ठेवा.